गुरुवारी उघडलेला लेथ

सकाळी सव्वासहा

भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते, म्हणून माझं काम बहुतेक गुरुवारीच निघतं. चालू मशीन उघडायला कोण देईल? पिशवी रात्रीच भरून ठेवली होती. डायल, मेगर, मल्टिमीटर, ॲलन कीचा संच, ग्रीसची डबी, बेअरिंगमधली ६ मिमीची एक गोळी आणि टॉर्चचे दोन सेल. गोळी आणि सेल मी कधीच विसरत नाही.

सात

शेड उघडून शेठ आणि मामा वाट बघत होते. मामा या लेथवर १९ वर्षं आहेत. मशीनच्या पाटीवर साल १९८९. पंचेचाळीस अंशांत कललेला बेड, आठ टूलचा टरेट, आणि दोन्ही ॲक्सिसना डीसी सर्व्हो मोटर. पावसाळा लागला की ड्राइव्ह ट्रिप होतो, कार्ड दुरुस्त करणारे आता मिळत नाहीत आणि एक्समध्ये, म्हणजे व्यासाच्या दिशेला, माप पळतं, ही शेठची तक्रार. मामांच्या वहीत तेच आकड्यांत होतं: एकाच ऑफसेटवर व्यासात ०.०८ मिमीपर्यंत फरक.

"मोटर-ड्राइव्ह बदलला की जाईल ना हे?" शेठनी विचारलं.

"ट्रिपिंग जाईल. मापाचं बघितल्याशिवाय सांगत नाही," मी म्हणालो. महिन्याभरापूर्वी कोटेशन देतानाही हेच सांगितलं होतं. पैसे घेताना माणसाला नेमकं काय विकतोय, हे स्पष्ट असावं.

पान्याला हात लावण्याआधी मशीन चालू केली. कंट्रोलमधले सगळे पॅरामीटर स्क्रीनवरून वहीत उतरवले. माझ्याबरोबरचा आयटीआयचा मुलगा वाचत होता, मी लिहीत होतो, मग उलटं वाचून पडताळलं. यांची मेमरी बॅटरीवर जगते. एक आकडा हरवला तर दोन दिवस जातात. होमला टरेट कुठे येतो ते डायल लावून टिपलं. याच यादीत एक्सचं बॅकलॅश कॉम्पेन्सेशन दिसलं: ४८ मायक्रॉन. कधीतरी कुणीतरी माप पळतंय म्हणून हा आकडा चढवत नेला होता. तो मी लाल पेनाने गोल केला.

साडेआठ

एक्सची मोटर काढताना घाई नको. बेड कललेला, त्यामुळे मोटरचा ब्रेक सुटला की टरेटसकट सगळी स्लाइड घसरून चकवर येते. आधी स्लाइडखाली सागवानी ठोकळा पक्का बसवला, मग पॉवर बंद करून बोल्ट सैल केले.

जुनी मोटर दोघांना उचलावी लागली. ब्रशचं झाकण उघडलं तर आत काळी भुकटी, बोटाला तेलकट लागणारी. डीसी मोटरमध्ये वाइंडिंग फिरतं आणि कार्बन ब्रश त्याला घासून करंट देतात. ती झीज आतच साठते. तिला पावसाळी दमट हवा मिळाली की करंटला बॉडीकडे वाट सापडते. मोटरच्या वायर ड्राइव्हपासून सोडवून इन्सुलेशन बघायला मेगर लावला. चांगल्या मोटरचा काटा वर जायला हवा, हा तळालाच राहिला. ट्रिपिंगचं कारण हातात आलं.

नऊ

आता ती गोळी. मोटर निघाल्यावर बॉलस्क्रूचं टोक उघडं पडतं आणि त्याच्या मधोमध सेंटरचं छिद्र असतं. छिद्रात ग्रीसचा ठिपका ठेवून गोळी चिकटवली. डायलला सपाट टोक लावून ते गोळीवर टेकवलं. मुलाने स्क्रू हाताने फिरवला तर काटा जवळजवळ स्थिर. मग ठोकळ्यावर पहार टेकवली, स्लाइडखाली नायलॉनचा तुकडा दिला आणि मामांना हळूच उचलायला सांगितलं.

काटा चालला. दहा, वीस, तीस... चाळीस मायक्रॉन. मामांनी दाब सोडला, काटा परत शून्यावर. तिघंही वाकून बघत होतो. मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा चाळीस.

म्हणजे स्क्रू स्वतःच्या बेअरिंगमध्ये लांबीच्या दिशेने चाळीस मायक्रॉन सरकत होता. एक्समधला एक मायक्रॉन व्यासात दोन होतो. चाळीसचे ऐंशी. वहीतला आकडा हाच.

मोकळ्या चालीत हे कधीच कळलं नसतं. स्लाइडचं वजन स्क्रूला एका बाजूला दाबून धरतं. खोल कट लागला की टूलला बाहेर ढकलणारा जोर त्या वजनावर मात करतो आणि स्क्रू तेवढा वर सरकतो. बॅकलॅश कॉम्पेन्सेशन फक्त दिशा बदलताना काम करतं; कटच्या जोराशी त्याचा संबंध नाही. तो आकडा ४८ काय, ९० केला असता तरी माप पळतच राहिलं असतं, आणि इतकी वर्षं दोष ड्राइव्हच्या माथी बसत होता.

लॉकनट उघडला. बेअरिंगची जोडी धुऊन हाताने फिरवली. खरखर नाही, रेसवर खड्डा नाही. नटाचा लॉकिंग स्क्रू झिजून नट सैल झाला होता. नवा स्क्रू टाकून प्रीलोड दिला, बेअरिंग जड होत नाही ना हे हाताने बघत. गोळी पुन्हा, पहार पुन्हा. चार मायक्रॉन. शेठ काही बोलले नाहीत, चहा मागवला.

साडेदहा

दोन्ही ॲक्सिसच्या ॲडॅप्टर प्लेट आधीच करून आणल्या होत्या. नवी मोटर १३० मिमी चौरस फ्लँजची, ११० चा स्पिगॉट, १४५ पीसीडी; जुनीचे बोल्ट भलतीकडे. प्लेटवर डायल फिरवून रनआउट दोन शतांशात आणला. इथे आळस केला तर कपलिंग दर फेऱ्याला वाकत राहतं आणि सहा महिन्यांत तुटतं.

नवी मोटर एका हाताने उचलता येते. यात चुंबक फिरतो आणि वाइंडिंग बाहेरच्या खोळीत, म्हणून उष्णता थेट बाहेर पडते, आणि घासायला ब्रशच नाहीत. पण रोटर हलका म्हणून सगळं सोपं, असं नाही. जुन्या मोटरचा जड रोटर स्लाइडचं ओझं सहज पेलायचा. अगदी हलका रोटर घेतला तर स्लाइडच मोटरला हलवते. म्हणून मी इथे मध्यम इनर्शियाची मोटर घेतली, थोडी महाग पडली तरी. एक्सला ब्रेकवाली. ब्रेक वगळून पैसे वाचवता येतील का, असं शेठनी विचारलं होतं. कललेल्या बेडवर त्याला माझं उत्तर एकच: नाही.

बारा

पॅनल. जुना ट्रान्सफॉर्मर ४१५ व्होल्टचे २२० करत होता आणि तेच नव्या ड्राइव्हला हवे होते. तो ठेवला. एन्कोडरची केबल मोटरच्या पॉवर केबलपासून वेगळ्या वाटेने, शील्ड नीट अर्थला. प्रत्येक वायरला फेरूल आणि नंबर.

दीड वाजता भाकरी, पिठलं, मामांच्या घरचा ठेचा.

दोन

मोटर कपलिंगला जोडली नव्हती, शाफ्ट मोकळा. कंट्रोल जुनाच ठेवायचा होता. तो ड्राइव्हला उणे दहा ते अधिक दहा व्होल्ट देतो आणि ड्राइव्ह तेवढा वेग घेतो. मी दहा व्होल्टला १५०० फेरे असं बसवलं. मग कंट्रोलची वायर न जोडता तिथे टॉर्चचा सेल जोडला. मीटरवर सेल १.५८ व्होल्ट. मुलाला म्हटलं, "किती फेरे यायला हवेत?" त्याने मोबाइल काढला. "तोंडी सांग." थोडं थांबून म्हणाला, "दोनशे सदतीस."

सर्व्हो ऑन केला. शाफ्टवर पांढऱ्या पेनने काढलेली रेघ गुळगुळीत फिरू लागली. ड्राइव्हच्या डिस्प्लेवर २३६. सेल उलटा केला, शाफ्ट उलटा. त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आयटीआयच्या दोन वर्षांत त्याने सर्व्हो चित्रातच पाहिला होता.

सव्वातीन

सर्व्हो बंद ठेवून शाफ्ट हाताने एक फेरा फिरवला. स्क्रूची पिच १० मिमी, म्हणून स्क्रीनवर १०.००० यायला हवं. आलं, पण उणे. एन्कोडरचा एक फेज उलटा. तसंच कपलिंग जोडलं असतं तर कंट्रोलने पुढे जा म्हणायचं, मोटरने जायचं, आकड्याने मागे सरकायचं, म्हणून कंट्रोलने आणखी व्होल्ट द्यायचे, आणि टरेट सुसाट चकवर. दोन वायर बदलल्या. अधिक १०.०००.

त्यानंतर कपलिंग, मग ब्रेक. ब्रेकचा रिले ड्राइव्हच्या सिग्नलवर घेतला, जुन्या कॉन्टॅक्टरवर नाही. मोटरने भार धरल्यावरच ब्रेक सुटला पाहिजे. स्लाइडखाली ठोकळा बोटभर अंतरावर ठेवून, डायल लावून इमर्जन्सी दाबली. दहा वेळा. दरवेळी स्लाइड एक शतांशाच्या आत थांबली. ठोकळा काढला.

पाच

गेन वाढवत नेला. एका टप्प्यावर एक्स किंचाळला. दोन पायऱ्या खाली घेतला, आवाज गेला. झेड शांत. रॅपिड मिनिटाला १२ मीटर, जुन्याइतकाच. ८ व्होल्टवर १२०० फेरे. जास्त देता आला असता, पण या स्लाइडवेजचं वय ठाऊक आहे. होम ३ मिमी सरकला होता, सकाळच्या नोंदीवरून पॅरामीटरमध्ये परत आणला. एक्सचं कॉम्पेन्सेशन नव्याने मोजलं: १२. लाल गोलाशेजारी तो आकडा लिहिला.

सात

एन-आठचा ६० मिमीचा बार, ५० पर्यंत. मामांनी स्वतः लावला. पाच जॉब, ऑफसेटला हात न लावता. मायक्रोमीटर धरताना मामा श्वास रोखतात, हे मी आज पाहिलं. पाचांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यांत १२ मायक्रॉन.

मुलगा नव्या पॅरामीटरची यादी पॅनलच्या दाराला आतून चिकटवत होता. तासभर मोकळा प्रोग्रॅम चालवून मी दोन्ही मोटरवर हात ठेवला. कोमट.

"उद्या पहिल्या शिफ्टला लावू ना?" मामांनी विचारलं.

"लावा. फक्त पहिला तासभर दर पाचव्या जॉबला व्यास बघा. स्क्रू गरम होताना थोडा वाढेल, त्यानंतर बसेल. आणि महिन्याने एका गुरुवारी मी तो लॉकनट पुन्हा बघायला येतो."