सुई टोचल्यानंतरचे दिवस

डोके दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या हातात गोळ्यांची पुडी ठेवली की त्याचे समाधान होत नाही. सुई टोचली की मात्र उपचार झाला असे त्याला वाटते. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा, मुरूमगाव, रांगी, पेंढरी या भागात काय किंवा पुण्या-नागपुरात काय, हा विश्वास सगळीकडे सारखाच आहे. मोठ्या शहरांतल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे आता जुनाट अर्धशिशीवर नवी इंजेक्शने आली आहेत आणि त्यांच्या दुष्परिणामांची चर्चाही सुरू झाली आहे. ही चर्चा बहुतेक वेळा औषधाभोवतीच फिरते: कोणत्या औषधाने काय होते, शंभरात कितींना होते. मला ती अपुरी वाटते. सुईचा दुष्परिणाम किती महागात पडेल हे औषधावर ठरते, तसेच पुढचे काही आठवडे रुग्णाकडे कोण बघते यावरही ठरते. धानोऱ्यासारख्या जंगलपट्टीतल्या तालुक्यात तर या दुसऱ्या गोष्टीवर अधिक.

आधी आजार समजून घेऊ. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि त्यातल्या निदान आठ दिवसांची दुखणी अर्धशिशीची असतील, तर तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात. म्हणजे अर्धा महिना उजेड नको, आवाज नको, चुलीचा धूर नको. हा शहरी बायकांचा नाजूक आजार आहे, ही समजूत साफ चुकीची आहे. बंगळूर आणि आसपासच्या ग्रामीण भागात झालेली पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रौढांपैकी साधारण चौघांमागे एकाला वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले, आणि खेड्यांत डोकेदुखीचे प्रमाण शहरापेक्षा कमी नव्हते. यातल्या थोड्यांचीच अर्धशिशी जुनाट होते, पण ज्यांची होते त्यांच्या रोजीचे आणि घराचे गणितच कोलमडते.

नव्या सुयांपैकी सर्वांत जुनी बोटॉक्सची. 2010 मध्ये अमेरिकेत तिला जुनाट अर्धशिशीसाठी परवानगी मिळाली. कपाळ, कानशिले, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे अशा एकूण 31 ठिकाणी बारीक सुईने थोडे थोडे औषध सोडतात आणि दर बारा आठवड्यांनी तेच पुन्हा करतात. ज्या चाचण्यांवरून परवानगी मिळाली त्यांत जवळपास चौदाशे रुग्ण होते. अठ्ठावीस दिवसांत डोकेदुखीचे सरासरी आठ-साडेआठ दिवस कमी झाले, पण नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांचेही साडेसहा दिवस कमी झाले. फायदा खरा आहे, मात्र जाहिरात सांगते तेवढा नाही. दुष्परिणामांचा हिशोबही तितकाच स्वच्छ आहे: मान दुखणे शंभरात नऊ जणांना (मिठाच्या पाण्यावाल्यांत तिघांना), पापणी खाली उतरणे चौघांना. औषध स्नायू सैल करते, ते जरा इकडेतिकडे पसरले की पापणी ओघळते किंवा मान जड होते, आणि औषधाचा असर ओसरला की दोन्ही पूर्ववत होतात. गिळायला किंवा श्वास घ्यायला अडचण येणे अगदी विरळ, पण तशी लक्षणे दिसली तर तासाचाही उशीर परवडत नाही.

दुसरा गट प्रतिपिंडांचा. अर्धशिशीच्या वेळी सीजीआरपी नावाचे एक प्रथिन वाढते, रक्तवाहिन्या रुंदावते आणि वेदनेचा निरोप पुढे नेते. एरेनुमॅब, फ्रेमानेझुमॅब, गॅल्कानेझुमॅब ही इंजेक्शने हा निरोपच अडवतात आणि पोटावर किंवा मांडीवर, बहुधा महिन्यातून एकदा, घेतली जातात. पहिले, एरेनुमॅब, मे 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. चाचण्यांत त्याने बद्धकोष्ठता शंभरात एक ते तीन जणांनाच झाली होती. औषध बाजारात आल्यावर मात्र काहींना बद्धकोष्ठतेमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले, काहींवर शस्त्रक्रियाही झाली, आणि पुढे रक्तदाब वाढण्याचा इशाराही माहितीपत्रकात घालावा लागला. कारण उघड आहे. तेच प्रथिन आतड्याची हालचाल आणि रक्तवाहिन्यांचे रुंदावणे सांभाळते. ते अडवले की डोके हलके होते, पण कुणाचे पोट अडते तर कुणाचा रक्तदाब चढतो. हा इशारा निघाला तो घरी गेलेल्या रुग्णांचे त्रास कुणीतरी लिहून कळवल्यामुळे. शिवाय ही औषधे शरीरात महिनोन् महिने राहतात. गोळी आज थांबवली तर एक-दोन दिवसांत उतरते, ही सुई टोचल्यावर परत घेता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एवढ्या महाग सुया धानोऱ्यात कोण घेणार? कबूल, थोडेच. पण घेणारा माणूस नागपूरला सुई घेऊन गावी परततो. सुई शहरात टोचली जाते, त्रास गावात उद्भवतो. आठव्या दिवशी पोट फुगले तर तो गडचिरोली ओलांडून नागपूरला जात नाही. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, आणि तिथे कुणाला या औषधाचे नावही माहीत नसते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेच्या पथकाने गडचिरोलीतल्या 86 गावांमधले मृत्यू तपासले, तेव्हा दर सातांपैकी साधारण एक मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे निघाले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला हा आकडा डोळ्यांसमोर असेल, तर रक्तदाब वाढवू शकणारी सुई इथल्या माणसाला दिल्यावर दर महिन्याला पट्टा बांधून रक्तदाब मोजणे अनिवार्यच मानायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दुष्परिणामांची एवढी उजळणी केल्याने लोक घाबरून चांगल्या उपचारापासून दूर जातील. पण लोक सुईला घाबरतच नाहीत, ही खरी अडचण आहे. महाग सुईचे दुष्परिणाम निदान मोजले गेले आहेत. खेड्यापाड्यांत डोकेदुखीवर सर्रास टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकचे आणि डेक्सामेथासोनचे गावात कुणी मोजत नाही. सुई कुल्ह्यात टोचताना त्याचे चार भाग कल्पावेत. सुई वरच्या बाहेरच्या भागात गेली तर ठीक, खाली आत गेली तर पायाची मुख्य नस दुखावते आणि पाऊल लुळे पडते. अंगावर मांस कमी असलेल्या माणसात नस सुईच्या आणखी जवळ असते. डायक्लोफेनॅकने क्वचित सुईच्या जागेची कातडी काळी पडून सडते. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंड बिघडू शकते. इथल्या गोंड आणि माडिया समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आढळतो, आणि सिकलसेलच्या रुग्णाचे मूत्रपिंड आधीच नाजूक असते. हेच डायक्लोफेनॅक गुरांना टोचले गेले आणि मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, 2015 मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जाऊ नयेत म्हणून त्याही बंद करून तीन मिलिलिटरची एकेरी मात्रा सक्तीची केली. 

त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे वेदनाशामकाने वाढणारी डोकेदुखी. साधे वेदनाशामक महिन्यात पंधरा दिवस किंवा मिश्र गोळ्या दहा दिवस, असे तीन महिने चालले की औषधच रोजच्या डोकेदुखीचे कारण होऊन बसते. अशा वेळी पुन्हा सुई टोचणे म्हणजे आजाराला खत घालणे. पावसाळ्यात तर डोकेदुखीबरोबर ताप असला की रक्त तपासून हिवताप नाही ना हे आधी पाहायला हवे. वेदनाशामक सुईने ताप दबतो आणि फाल्सिपॅरम या घातक प्रकारचा हिवताप आत वाढत राहतो.

मग गावात सुईनंतर लक्ष ठेवणार कोण, हा तिसरा आक्षेप. त्याचे उत्तर याच धानोरा तालुक्यात आहे. चातगावजवळच्या शोधग्रामातून सर्च संस्थेने 1995 पासून गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला घरीच जेंटामायसिनची सुई देण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. जेंटामायसिन काही निरुपद्रवी औषध नव्हे. मात्रा चुकली तर ऐकू येणे आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात येतात. कमी शिकलेल्या बायकांच्या हाती सुई देणे अनेक डॉक्टरांना पटले नव्हते. तरीही 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू हजारी 62 वरून सुमारे 25 वर आले आणि 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. यश एकट्या औषधाचे नव्हते. सुई देणारीच बाई पुन्हा त्या घरी जात होती, बाळाला बघत होती, लिहून ठेवत होती आणि तिचे लिहिलेले कुणीतरी तपासत होते.

अर्धशिशीच्या रुग्णासाठी याहून फार कमी पुरेल. आधी प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशा स्वस्त प्रतिबंधक गोळ्या पुरेशा काळ देऊन पाहाव्यात. दमा असलेल्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिनने झोप येते, तोंड कोरडे पडते, हे आधीच सांगावे. त्यानेही भागले नाही आणि शहरात सुई घ्यायची ठरली, तर रुग्णाच्या खिशात मराठीतली एक चिठ्ठी असावी. औषधाचे नाव, मात्रा, कुठे टोचले, पुढची तारीख. त्याखाली लिहावे: पाच दिवस शौचाला झाले नाही, गिळताना अडकले, दम लागला, रक्तदाब वाढला किंवा गरोदर असल्याची शंका आली, तर ही चिठ्ठी घेऊन धानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. आणि सर्वांत शेवटी ज्या डॉक्टरने सुई दिली त्याचा दूरध्वनी क्रमांक, जो रात्रीही उचलला जाईल.