तात्पर्य लिहिण्याआधी
गोष्टींतून नीती : लेखांक ७

शाळेच्या परिपाठात सुविचार, दिनविशेष, बातम्या झाल्या की बोधकथेची पाळी येते. वाचणारा मुलगा गोष्ट भराभर उरकतो आणि ‘तात्पर्य’ या शब्दाशी आला की त्याचा आवाज एकदम चढतो. त्याचंही बरोबर आहे, परीक्षेत विचारतात ते तेवढंच. विष्णुशर्म्याने तीन राजपुत्रांना कसं शहाणं केलं ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज या शेवटच्या ओळीची जरा उलटतपासणी करू.

मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांत इसाप आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोधमुक्तावली’ निघाली, ती इसापाच्याच गोष्टींची. तेव्हापासून कावळा आणि कोल्हा आपल्या घरचेच झाले. इसापाच्या नावावरच्या या गोष्टी शतकानुशतकं तोंडोतोंडी फिरल्या, आणि एकाच गोष्टीखाली निरनिराळ्या संग्रहांत निरनिराळी तात्पर्यं सापडतात. म्हणजे गोष्ट एकाची आणि शिकवण दुसऱ्याने डकवलेली, असंही पुष्कळदा झालेलं आहे.

फ्रान्समध्ये ला फाँतेनने १६६८ साली हीच कावळ्या-कोल्ह्याची गोष्ट पद्यात बांधली आणि पुस्तक अर्पण केलं ते सहा-सात वर्षांच्या राजपुत्राला. पुढे फ्रेंच मुलं ती घोकू लागली. १७६२ मध्ये रूसोने ‘एमिल’ या शिक्षणावरच्या ग्रंथात तिची ओळीओळीने चिरफाड केली. कावळ्याच्या चोचीत चीज होतं म्हणता, तर कुठलं? स्वित्झर्लंडचं, ब्रीचं की हॉलंडचं? झाडाच्या शेंड्यावरच्या चिजाचा वास खाली कोल्ह्याला येतो, म्हणजे तो वास असणार तरी केवढा! हे वाचताना हसू येतं, पण त्याचा खरा मुद्दा पुढे आहे. मुलं कावळ्याला हसतात आणि कोल्ह्यावर जीव लावतात. आपण सांगतो, ‘स्तुतीला भुलू नकोस’. मूल शिकतं, ‘अशी स्तुती केली की खाऊ मिळतो’. मुंगी आणि नाकतोड्याच्या गोष्टीतही मूल मुंगीच्याच बाजूला जाऊन बसतं, आणि दारात आलेल्या उपाशी माणसाला टोमणा मारून कसं घालवावं ते तिच्याकडून उचलतं, अशीही त्याची तक्रार आहे.

रूसोला गोष्टींचं वावडं होतं असं मात्र नाही. त्याच ग्रंथात पुढे तो म्हणतो की गोष्टींची वेळ येते ती तारुण्याच्या उंबरठ्यावर, मुलगा स्वतः चुकायला लागल्यावर. तेव्हाही खालचं तात्पर्य काढून टाका, असा त्याचा आग्रह. लहान मुलांबद्दलचं त्याचं म्हणणं मला टोकाचं वाटतं. पाच वर्षांच्या पोराला कोल्ह्याशिवाय ठेवायचं म्हणजे छळच. पण तात्पर्याबद्दल त्याच्याशी भांडायला जागा फार कमी आहे.

आता हाच कावळा पालीत बघा. ५४७ जातककथांतली २९४वी, जम्बुखादक जातक. (दुर्गाबाई भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातका’मुळे जातकं मराठीत आली, तरी शाळेत ती अजून फारशी पोचलेली नाहीत.) कावळा जांभळाच्या फांदीवर बसून जांभळं खातो आहे. खाली कोल्हा येतो आणि म्हणतो, कोण हा गोड गळ्याचा, मोराच्या पिल्लासारखा बसलेला? इथवर ओळखीचं. पण हा कावळा चोच उघडून फसत नाही. तो उलट म्हणतो, कुलवंतालाच कुलवंताची पारख. तू तर वाघाचा बच्चा दिसतोस, घे, खा. आणि फांदी हलवून जांभळं खाली पाडतो. दोघांचंही पोट भरतं, नुकसान कोणाचंच होत नाही. पण त्याच झाडात एक वृक्षदेवता आहे. एक उष्टं-ओकलेलं खाणारा, दुसरा मढ्यांचे लचके तोडणारा, आणि दोघं एकमेकांच्या कुळाचे गोडवे गाताहेत, हे पाहून ती विक्राळ रूप घेते आणि दोघांनाही पिटाळून लावते. बुद्धांनी ही गोष्ट सांगितली ती देवदत्त आणि कोकालिक या भिक्षूंवरून, कारण दान मिळावं म्हणून ते दोघं घरोघर एकमेकांची तारीफ करत हिंडत होते.

आठवी-नववीच्या वर्गात हे दोन्ही कावळे शेजारी-शेजारी ठेवावेत. इसापाच्या गोष्टीत लबाड कोण आणि भोळा कोण, हे लगेच कळतं. जातकात मात्र अडायला होतं. दोघंही खूश, मग बिघडलं कुठे? एकमेकांच्या फोटोंवर ‘नंबर वन’, ‘किंग’ असं लिहिणाऱ्या मुलांना याचं उत्तर शोधायला मोठ्यांची मदत लागणार नाही.

दुसरा नमुना वेताळाचा. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त ती पंचविशी आली आहे आणि तिथे गोष्टीच्या शेवटी उपदेशाच्या जागी प्रश्न असतो. मदनसेना नावाच्या मुलीने भावाच्या मित्राला शब्द दिलेला असतो की लग्न झालं की आधी तुझ्याकडे येईन. लग्नाच्या रात्री ती नवऱ्याला हे खरं-खरं सांगते. तो जाऊ देतो. वाटेत चोर अडवतो. परत येण्याच्या बोलीवर तोही सोडतो. भावाचा मित्र तिला परस्त्री म्हणून हात न लावता परत पाठवतो. ती चोराकडे येते, तर चोर तिला दागिन्यांसकट घरी पोचवतो. वेताळ विचारतो, तिघांत थोर कोण? राजा म्हणतो, चोर. नवऱ्याला दुसऱ्यावर मन असलेली बायको नकोच होती, मित्राला राजदंडाची भीती होती. चोराला सोडून देण्याचं काहीच कारण नव्हतं.

फारसी ‘तूतीनामा’त हीच गोष्ट चोर पकडायला वापरली आहे. संशयितांना ती ऐकवायची. हातची संधी सोडणारे सगळेच मूर्ख, असं जो म्हणेल त्याची झडती घ्यायची. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये चॉसरने तिचं भावंडच वाटावं अशी गोष्ट सांगितली. तिथे चोराच्या जागी हजार पौंडांची बिदागी सोडून देणारा जादूगार आहे, आणि शेवटी श्रोत्यांना प्रश्न आहेच : सर्वांत उदार कोण?

हा प्रश्न वर्गात टाकला की तास पुरत नाही. बाई, नवराच थोर. सर, चोराने चोरी सोडली का एवढं सांगा. शिक्षकाने तेवढा वेळ आपलं उत्तर खिशात ठेवावं, आणि विक्रमाचं तर अगदी शेवटीच सांगावं. नाहीतर राजाचं म्हणून तेच तात्पर्य होऊन बसतं.

आणि कधीतरी मागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारील, की खरं बोलली ती मदनसेना, दिलेला शब्द दोनदा पाळला तिने, मग थोर कोण ते ठरवताना तिचं नाव का नाही? वेताळाने तिला मोजलं नाही, विक्रमालाही सुचलं नाही. चॉसरच्या प्रश्नातसुद्धा थोरपणाचे उमेदवार सगळे पुरुषच आहेत. त्या मुलीला फळा द्यावा आणि चौथं नाव लिहायला सांगावं.

(पुढील आठवड्यात : मुल्ला नसरुद्दीन)