‘मी एक्टोमॉर्फ आहे का?’ : शरीराचे प्रकार, फिटनेस आणि आपण

पहाटे पाचच्या सुमारास अकोटहून पोपटखेड रस्त्याने निघालात तर अंधारात पळणारी पोरे दिसतात. कोणाच्या पायात बूट, कोणाच्या पायात नुसते मोजे. बहुतेक सगळी पोलीस भरतीची तयारी करणारी. त्यातला एक मुलगा आमच्या अभ्यासिकेत येतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वजन ५२ किलो. मागच्या महिन्यात तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “ताई, मी तं एक्टोमॉर्फ हाये. माही बॉडी बनूच शकत नाई म्हनतात. मंग फॉर्म कायले भरू?”

मी विचारले, हे तुला कोणी सांगितले? त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. एका हाताच्या अंगठ्याने आणि मधल्या बोटाने दुसऱ्या हाताचे मनगट धरायचे. बोटे एकमेकांवर चढली तर तुम्ही एक्टोमॉर्फ, म्हणजे काटकुळे. नुसती टेकली तर मेसोमॉर्फ, म्हणजे पिळदार. टेकलीच नाहीत तर एंडोमॉर्फ, म्हणजे जाडे. व्हिडिओच्या शेवटी एक्टोमॉर्फ मुलांसाठी ‘मास गेनर’च्या डब्याची जाहिरात होती. मनगट मोजून एका मुलाने आपल्या नोकरीचा निर्णय घ्यायला काढला होता, म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

हे तीन शब्द आले कुठून? विल्यम शेल्डन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. १९४० साली त्याने माणसाच्या देहाच्या प्रकारांवर पुस्तक काढले. गर्भातल्या पेशींचे तीन थर असतात, त्यांच्या नावांवरून त्याने हे तीन शब्द बनवले. प्रत्येक माणसाला तिन्हींसाठी १ ते ७ असे गुण द्यायचे. म्हणजे त्याच्या स्वतःच्या मांडणीतही कोणी निव्वळ एक्टोमॉर्फ नसतो. प्रत्येकात तिन्ही थोडेथोडे असतात. व्हिडिओवाल्यांनी एवढेही वाचलेले नाही.

पण शेल्डन शरीरावर थांबला नाही. जाडा माणूस आरामप्रिय, पिळदार माणूस धाडसी, काटकुळा माणूस लाजरा आणि एकलकोंडा, असे स्वभावही त्याने देहाला जोडून टाकले. पुढे गुन्हेगारी वृत्तीसुद्धा शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येते, असे सुचवणारे पुस्तक त्याने १९४९ मध्ये लिहिले. त्याच्या संशोधनासाठी हार्वर्ड, येल यांसारख्या नामांकित विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचे नग्न फोटो वापरले गेले होते. हे उघड झाल्यावर मोठा गदारोळ झाला. आज त्याचा स्वभावाचा सिद्धांत कोणी गंभीरपणे घेत नाही. क्रीडाशास्त्रात त्याची मोजणी हीथ आणि कार्टर या दोन संशोधकांनी सुधारून वापरात आणली, पण त्यांनी एक मूलभूत गोष्ट बदलली. शेल्डन म्हणायचा, माणसाचा प्रकार जन्मभर तोच राहतो. हीथ-कार्टर म्हणतात, खाणे, व्यायाम आणि वय यांप्रमाणे तो बदलतो. म्हणजे ती मोजणी आजच्या शरीराचा फोटो आहे, जन्मपत्रिका नव्हे.

समाजशास्त्र शिकताना हे वाचले तेव्हा मला ते फार ओळखीचे वाटले. आधी शरीर मोजायचे, मग मापावरून स्वभाव ठरवायचा, मग स्वभावावरून जागा ठरवायची. आपल्या लोकांवर हा प्रयोग शेल्डनच्या कितीतरी आधी होऊन गेला आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची नाके मोजली. नाकाची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, हा झाला नासिका निर्देशांक. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा दावा होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात हीच मापे घेतली. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी मांडलेले आकडे समोर ठेवून त्यांनी दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या नाकांच्या मापांवरून दोघांचे वंश वेगळे ठरतच नाहीत. ज्या पट्टीने हिणवले त्याच पट्टीने उत्तर दिले. हे प्रकरण आपल्या तरुणांनी मुळातून वाचावे.

सैन्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावात लढलेल्या महार सैनिकांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. तरीही १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘लढवय्या जाती’चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद झाली. काही जातींचा देहच लढायला जन्मलेला असतो, बाकीच्यांचा नसतो, असा हा सिद्धांत. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. पुढे १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. मधल्या पन्नास वर्षांत आपल्या माणसांची हाडे बदलली नव्हती. बदलली होती ती इंग्रजांची गरज.

मग शरीरे सारखीच असतात का? अजिबात नाही. उंची, हातापायांची लांबी, खांद्यांची रुंदी, स्नायूंतल्या तंतूंचे प्रमाण यांत फरक असतो आणि त्यातला बराचसा आईवडिलांकडून येतो. ऑलिंपिकच्या पातळीवर हा फरक पदक ठरवू शकतो. पण आपल्या पोरांसमोर ऑलिंपिक नाही, भरतीचे मैदान आहे. त्या मैदानाचा हिशोब बघा. पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. लांब अंतराला हलके शरीर सोयीचे, १०० मीटरला ताकदीचे पाय, आणि ७.२६ किलोचा गोळा फेकायला वजनदार शरीर. म्हणजे शेल्डनच्या तिन्ही प्रकारांना एकेक प्रकार सोपा आणि उरलेले दोन अवघड. तिन्हीत आपोआप पैकीच्या पैकी मिळवणारा देह कोणालाच मिळालेला नाही. त्या ५२ किलोच्या मुलाला मी एवढेच म्हटले की तुझे १६०० मीटरचे गुण आधीच खिशात आहेत, आता गोळ्याचे बघ.

उंची मात्र बदलत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मुलांना १६५ सेंटीमीटर, मुलींना १५५ ही अट आहे. वयात आल्यावर हाडांची वाढ थांबते, त्यानंतर कोणत्याही डब्याने किंवा लटकण्याने उंची वाढत नाही. तसे सांगणारा फसवतो आहे. छातीचे तसे नाही. न फुगवता ७९ सेंटीमीटर आणि फुगवून किमान ५ सेंटीमीटर जास्त, ही अट दंड, जोर आणि श्वासाच्या सरावाने बऱ्याच मुलांना गाठता येते. चार-सहा महिने लागतात. भरती जाहीर झाल्यावर सुरुवात करून चालत नाही.

आता डब्याबद्दल. बहुतेक ‘मास गेनर’मध्ये मुख्य माल असतो मक्यापासून काढलेले साखरेसारखे पिष्ट, वर थोडी दुधाची भुकटी. मजुरीवर चालणाऱ्या घरात त्यासाठी हजार-दोन हजार रुपये जातात. स्नायू बनायला दोनच गोष्टी लागतात, हळूहळू वाढवत नेलेले ओझे आणि पुरेसे प्रथिन. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिन पुरते. ५२ किलोच्या मुलाला ६२ ते ८३ ग्रॅम. आम्ही दोघांनी बसून त्याच्या घरच्या जेवणाचा हिशोब केला. दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकरी म्हणजे १८ ग्रॅमच्या आसपास, वाटीभर घट्ट तुरीचे वरण ११, दोन अंडी १२, मूठभर शेंगदाणे म्हणजे ५० ग्रॅम, त्यातून १२, आणि ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, त्यातून १५. झाले ६८. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन सोंगायला जातात, पण घरी वड्या कधी शिजल्या नव्हत्या. आपल्याकडची कळण्याची भाकर तर या बाबतीत शहाणपणाची आहे. ज्वारीत जे प्रथिनद्रव्य कमी असते ते उडदात भरपूर असते. आजीला हे शास्त्र माहीत नव्हते, चव माहीत होती.

इथपर्यंत पोरांचे झाले. पण ‘काटकुळा म्हणजे निरोगी’ हा उलटा समज त्याहून धोक्याचा आहे. आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकदा रक्तातली साखर तपासली, तेव्हा अंगाने अगदी बारीक असलेल्या एका बाईची साखर फार जास्त निघाली. ती मानायलाच तयार नव्हती. “मले कशी शुगर? शुगर तं लठ्ठ्या लोकाईले होते.” यंत्र बिघडले असेल म्हणून तिने दुसऱ्यांदा बोट टोचून घेतले. आकडा तसाच आला.

याचे उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर अनेक वर्षे काम केले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखे, आतून वेगळे. अशा देहाला ‘बारीक-लठ्ठ’ म्हटले जाते. हातपाय काडीसारखे, पण चरबी पोटात, आतड्यांभोवती साठलेली. मधुमेहाला हीच चरबी जास्त कारणीभूत ठरते. शेल्डनच्या कोणत्याही खान्यात हा देह बसत नाही, आणि आपल्याकडे तर तोच जास्त आहे.

हे जन्मापासूनच दिसते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन साधारण २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी होते, पोटाचे अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आई अर्धपोटी असेल तर गर्भ मेंदू आणि चरबी वाचवतो, स्नायूंवर काटकसर करतो. पुढे त्याच देहाला मैदा, साखर, तेल आणि बसून काम मिळाले की साखर वाढते. म्हणजे ज्याला आपण ‘शरीराचा प्रकार’ म्हणतो त्यात आईने काय खाल्ले, शेवटी कोण जेवले, हे सगळे मिसळलेले असते. माझ्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली. तिच्या भुकेचा काही भाग माझ्याही देहात उतरला असेल, असे हे वाचताना वाटून गेले.

म्हणून आपल्या लोकांसाठी बीएमआयचे आकडे वेगळे धरतात. २३ च्या वर गेला की वजन जास्त, २५ च्या वर लठ्ठपणा. त्याहून सोपा उपाय म्हणजे शिंप्याची टेप. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आत, बायांची ८० च्या आत असावी. आणि बारीक माणसानेही तिशीनंतर वर्षातून एकदा साखर तपासावी. खाणे कमी करायचे असेल तर एकदम उपाशी राहण्याची गरज नाही. पाली साहित्यात कोसलराजा पसेनदीची गोष्ट आहे. तो अतोनात जेवायचा आणि धापा टाकत तथागतांकडे आला. त्याने ताटातला भात थोडा थोडा कमी करत आणला आणि हलका झाला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा सल्ला आजच्या आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यापेक्षा फार वेगळा नाही.

आता शेवटी ती गोष्ट, जी मनगट मोजण्याआधी प्रत्येक पोराने करायला हवी. विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. यात दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या. ‘एसएस’ म्हणजे आजार, त्याला डॉक्टरांची नियमित देखरेख लागते. ‘एएस’ म्हणजे वाहक. वाहक सहसा धडधाकट असतो, त्याला आपण वाहक आहोत हे माहीतही नसते. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला नाही, पण अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका सुमारे दीडपट आढळला. म्हणजे वाहकाने पळू नये असे नाही. त्याने सराव हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर प्यावे, एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी मैदानावर उतरू नये, ताप किंवा जुलाब असताना पळू नये. पळताना पाय अचानक गळून गेले, स्नायू फार दुखले किंवा लघवी चहासारखी काळपट झाली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. ‘मर्द हो, अजून दोन फेऱ्या मार’ असे ओरडणाऱ्या प्रशिक्षकाला तुमचे रक्त माहीत नसते.

१ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा. बोटाच्या थेंबावर पहिली तपासणी होते, ती सकारात्मक आली तर पुढची पक्की तपासणी करतात. लोक ही गोष्ट लग्न मोडेल म्हणून लपवतात. पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ होण्याची शक्यता २५ टक्के असते. लपवण्याची किंमत मग ते मूल मोजते. मुलींनी सोबत हिमोग्लोबिनही बघावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांत रक्ताची कमतरता आढळली आहे. ८०० मीटरला दम लागतो तो ‘नाजूक बांध्या’मुळे की रक्त ९ वर आहे म्हणून, हे तपासल्याशिवाय कळत नाही. मला शाळेत एका सरांनी खेळातून बाजूला बसवले होते, ‘हिची चणच नाही’ म्हणून. माझे हिमोग्लोबिन तेव्हा कोणी तपासले नव्हते.

अभ्यासिकेतल्या त्या मुलाने तपासणी करून घेतली. तो वाहक निघाला. दोन दिवस गप्प होता, मग पाण्याची बाटली घेऊन पुन्हा पोपटखेड रस्त्याला पळायला लागला. गोळाफेकीसाठी त्याने नदीतून एक गोल दगड आणला आहे. किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचे वजन साडेसहा किलो भरले. थोडा कमीच आहे, पण सुरुवातीला चालेल.