सोसायटीचें दप्तर आणि 'क्लाउड'

जामखेडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत मेघ म्हटला कीं शेतकऱ्याची दृष्टि आकाशाकडे जाते. परंतु अलीकडे सोसायट्यांच्या सभांतून व व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर ज्या 'क्लाउड'चें, म्हणजे मेघाचें, नांव ऐकूं येतें, तो दूरच्या इमारतींतील संगणकयंत्रांत असतो. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें व मुंबई येथें आणि ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबई येथें अशीं केंद्रें उघडलीं. भारत सरकारच्या अशाच व्यवस्थेचें नांव तर 'मेघराज' असेंच आहे.

हा विषय आपल्या दाराशीं आला आहे. २९ जून २०२२ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. तींतील सामाईक हिशेबप्रणाली क्लाउडवर चालावयाची आहे. अर्थात् पीककर्जाची खतावणी यापुढें केवळ सचिवाच्या कपाटांत राहणार नाहीं.

संस्थेस किंवा पेढीस मार्ग तीन आहेत. स्वतःचें यंत्र कार्यालयांत ठेवणें म्हणजे घरचें कोठार बांधणें होय. मालकी पूर्ण, पण बांधणीचा खर्च, दुरुस्ती व राखण सर्व आपल्याच माथीं. क्लाउड म्हणजे भाड्याचें गोदाम. जितकीं पोतीं व जितके महिने, तितकें भाडें. खरिपाच्या कर्जवाटपाच्या वेळीं काम वाढलें तर जागा वाढवावी, मागाहून कमी करावी. तिसरा मार्ग मिश्र; चालू व्यवहार भाड्याच्या जागीं ठेवून त्यांची नक्कल आपल्याजवळ बाळगावी.

परंतु गोदामाच्या अडचणीहि येथें आहेत. वाट बंद झाली तर माल असूनहि हातीं येत नाहीं. तसेंच वीज वा इंटरनेट खंडित झालें कीं हिशेब दिसेनासा होतो. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएच कंपनीच्या केंद्रास आग लागली. ज्यांनीं अन्यत्र नक्कल ठेविली नव्हती, अशा कित्येकांची माहिती कायमची नष्ट झाली. ३१ जुलै २०२४ रोजीं सहकारी व ग्रामीण बँकांस प्रणाली पुरविणाऱ्या सी-एज कंपनीवर खंडणीसाठीं माहिती कोंडून धरणारा हल्ला झाल्याच्या संशयावरून तिचा देयकव्यवस्थेशीं संबंध तात्पुरता तोडण्यांत आला. सुमारें ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार त्यामुळें अडले.

कर्ज फेडूनहि फेडीची नोंद सांपडली नाहीं, तर पुढील हंगामाचें कर्ज अडतें, आणि पेरणी कोणासाठीं थांबत नाहीं. यास्तव सभासदांनीं वार्षिक सभेंत चार गोष्टी विचाराव्या. दप्तराची नक्कल दुसऱ्या ठिकाणीं ठेविली जाते काय, व ती उघडून पाहिली जाते काय? करार संपल्यास आपली सर्व माहिती वापरतां येईल अशा रूपांत परत मिळेल काय? प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र पासवर्ड आहे, कीं एकच सर्वांच्या हातीं फिरतो? यंत्रणा बंद असेल त्या दिवशीं कागदावर नोंद घेऊन पावती देण्याची सोय आहे काय?

हीं उत्तरें इतिवृत्तांत लिहून घ्यावीं, आणि प्रत्येक खातेदारानें भरण्याची पावती व अद्ययावत् पासबुक स्वतःजवळ जपून ठेवावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.