काशीची ग्रंथपेढी आणि पडद्यावरचे पुस्तक

काशीची कीर्ती जशी घाटांनी, तशीच ग्रंथांनीही वाढविली आहे. याच नगरीत १८९२ साली हरिदास गुप्त यांनी चौखंबा संस्कृत ग्रंथमालेचा पाया घातला. १९०३ साली लाहोरास स्थापन झालेल्या मोतीलाल बनारसीदास या पेढीनेही फाळणीनंतर काशीचा आश्रय घेतला आणि पुढे दिल्ली व इतर नगरांत आपला विस्तार केला. महाराष्ट्राशीही या व्यवसायाचे नाते आहे. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली चरकसंहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९४१ साली छापली. पुढे काशीच्या पुनर्मुद्रणांमुळे ती विद्यार्थ्यांच्या हाती राहिली.

अशा पेढीचा जमाखर्च दोन प्रकारच्या पुस्तकांवर चालतो. आयुर्वेदाची वा व्याकरणाची क्रमिक पुस्तके दरवर्षी खपतात. उलट मीमांसेवरील एखाद्या टीकाग्रंथाच्या थोड्याशा प्रती संपावयासही अनेक वर्षे लागतात. पहिल्याच्या मिळकतीवर दुसऱ्याचा योगक्षेम चालतो.

ई-पुस्तकाचा आघात नेमका या मिळकतीवर होतो. २००७ साली अमेरिकेत किंडल हे वाचनयंत्र आले. २०११ साली तेथील बॉर्डर्स या दुकानसाखळीचे दिवाळे निघाले. त्या ऱ्हासास इतरही कारणे होती. तथापि दुकानाचे भाडे, साठ्यात गुंतलेले भांडवल आणि नोकरांचे वेतन हा भार पडद्यावरील पुस्तकावर पडत नाही, हे खरेच. काशीत आणखी एक अडचण आहे. प्राचीन संहितांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. नव्या संपादकाच्या टीपांवर मात्र तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. पाने छायांकित करून फुकट वाटताना हा भेद पुष्कळदा पाळला जात नाही, आणि संपादनाचे श्रम मातीमोल होतात.

म्हणून नव्या साधनाला दोष देणे मात्र न्याय्य ठरणार नाही. दूरच्या खेड्यातील विद्यार्थ्यास दुर्मिळ ग्रंथ घरबसल्या मिळतो आणि हवा तो शब्द क्षणार्धात सापडतो, हा लाभ लहान नव्हे. परंतु असे पुस्तक विकत घेणाऱ्यास बहुधा वस्तू मिळत नाही, वाचनाचा परवाना मिळतो. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या, तेव्हा हा भेद जगाला उमगला.

मग दुकानदाराने करावे काय? इंग्लंडमधील वॉटरस्टोन्स ही डबघाईस आलेली साखळी २०११ पासून जेम्स डाँट यांनी सावरली. कोणती पुस्तके ठेवावीत, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी त्या त्या शाखेच्या विक्रेत्यांना दिला. काशीच्या जुन्या विक्रेत्यास ही कला अपरिचित नाही. कोणत्या संस्करणाचा पाठ शुद्ध आणि कोणती टीका नवशिक्यास पेलेल, हे सांगू शकणारा माणूस हीच त्याच्या दुकानाची खरी पुंजी होय. ती टिकली, तर कागद आणि पडदा दोन्ही सुखाने नांदतील; ती गेली, तर पुस्तके उदंड मिळतील, पण त्यांतले निवडावे कोणते, हे सांगणारा कोणी उरणार नाही.