गीतपुस्तिकेचे मुखपृष्ठ

मालाडला १९३४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजच्या ‘अछूत कन्या’, ‘किस्मत’ आदी बोलपटांच्या जमान्यात, ग्रामोफोन ज्याच्या ऐपतीबाहेरचा अशा रसिकाला संगीताचे मुखदर्शन घडे ते काही आण्यांच्या गीतपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरच. रंग मोजके, कागद हलका, खरेदीदार नाना भाषांचे. अशा स्थितीत नायक-नायिकेच्या मुद्रांना प्राधान्य देऊन, देवनागरी, उर्दू व रोमन अक्षरांपैकी कोणीही दुसऱ्यावर कुरघोडी करणार नाही असा तोल साधणे, हीच माझ्या मते त्या अनामिक चित्रकारांची खरी कसोटी होय. ‘अछूत कन्या’च्या संगीतकार सरस्वतीदेवींच्या चालींचे केवळ शब्दच आत छापता येत. भाव सुचवायचा तो मुखपृष्ठाने! वाचकहो, ट्रंकेतल्या अशा पुस्तिका रद्दीत घालण्यापूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे अवश्य विचारणा करावी.