व्हिडिओ डिस्कवरील ध्वनिवेगदोष

व्हिडिओ डिस्कवरील ध्वनिवेगदोष म्हणजे ध्वनिमुद्रण एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतरित करून व्हीसीडी अथवा डीव्हीडीवर घेताना त्याचा वेग मूळ वेगापेक्षा कमी किंवा अधिक होणे. या दोषामुळे ओठांची हालचाल आणि शब्द यांचा मेळ बिघडतो, तसेच गायनाची पट्टी बदलते. भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावांपासून शहरांपर्यंत विवाह, कीर्तन आणि हरिनाम सप्ताह यांची चित्रीकरणे अशा डिस्कवर जतन केली गेली. त्यांच्या प्रती काढताना हा दोष उद्भवू शकतो.

कारणे

संगणक ध्वनी साठवताना दर सेकंदाला त्याचे ठरावीक संख्येने नमुने घेतो. या संख्येला नमुना दर म्हणतात. ऑडिओ सीडी व व्हीसीडी यांचा नमुना दर ४४,१०० असून डीव्हीडीवर सामान्यतः ४८,००० हा दर वापरतात. ४४,१०० दराने घेतलेले नमुने ४८,००० दराचे समजून वाजवल्यास ध्वनी सुमारे ८.८ टक्के वेगाने धावतो. एक तासाचे कीर्तन सुमारे ५५ मिनिटे ८ सेकंदांत संपते. याउलट चूक झाल्यास ते सुमारे ६५ मिनिटे १८ सेकंद चालते आणि आवाज जड व रेंगाळलेला वाटतो.

दुसरे कारण चित्रवेगाचे आहे. बोलपटांचा प्रचलित वेग सेकंदाला २४ चौकटी, तर भारतातील पाल दूरचित्रवाणी पद्धतीचा २५ चौकटी आहे. चित्रपटाची प्रत्येक चौकट तशीच ठेवून तो २५ च्या वेगाने दाखवल्यास १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो. ध्वनीचा वेग त्या प्रमाणात वाढवला नाही, तर तो चित्राच्या मागे पडत जातो.

तिसरे कारण म्हणजे चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या यंत्रांवर मुद्रित करणे. दोन यंत्रांच्या वेगांत दहा हजारांत एक एवढाच फरक असला, तरी तासाभरात ०.३६ सेकंदाचे अंतर पडते. कॅसेटयंत्राच्या वेगात याहून मोठा फरक असू शकतो.

संगीतावरील परिणाम

८.८ टक्के वेगवाढीने स्वर सुमारे दीड अर्धस्वर वर चढतो. काळी एकमध्ये गायलेले पद पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध ऐकू येते. अशा प्रतीबरोबर हार्मोनियम जुळत नाही, गायकाचा आवाज बारीक भासतो आणि लयही चढते. त्यावरून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला गायकाची पट्टी आणि लय दोन्ही चुकीची समजतात. भालचंद्र पेंढारकर यांनी अनेक मराठी नाटके ध्वनिफितींवर मुद्रित केली. नाट्यसंगीताच्या अशा जुन्या मुद्रणांचे रूपांतर करताना फितीचा मूळ वेग तपासणे आवश्यक ठरते, कारण दुप्पट वेगाने वाजवलेली फीत पूर्ण एक सप्तक वर जाते.

दोषाची ओळख

प्रारंभी, मध्यभागी आणि अखेरीस टाळीसारखा स्पष्ट आघात निवडून चित्र व ध्वनी यांतील अंतर मोजतात. अंतर सर्वत्र सारखे असल्यास तो वेगदोष नसून केवळ विलंब असतो. असा ध्वनी पुढे-मागे सरकवला की पुरते. अंतर सतत वाढत गेल्यास मात्र वेगदोष समजावा.

दुरुस्ती

फाइलीत नमुना दराची नोंदच चुकली असेल, तर ती नोंद बदलणे पुरेसे असते. नमुन्यांना हात लावावा लागत नाही. नोंद बरोबर असून डीव्हीडीसाठी दर बदलायचा असेल, तर पुनर्नमुनीकरण करतात. त्यात दर १४७ नमुन्यांच्या जागी गणिताने १६० नमुने तयार होतात, परंतु कालावधी व पट्टी बदलत नाही.

चित्राचा वेग २४ वरून २५ केला असल्यास ध्वनीचा कालावधी त्या प्रमाणात कमी करतात. या वेळी पट्टी मूळचीच ठेवणारी प्रक्रिया निवडता येते. मात्र मुद्रणयंत्र वा फीत यांच्या चुकीच्या वेगामुळे पट्टीही बदललेली असेल, तर वेग व पट्टी दोन्ही एकत्र पूर्ववत करावी लागतात. ऑडॅसिटी आणि एफएफएमपेग या विनामूल्य प्रणालींत या सोयी आहेत.

प्रत्येक रूपांतरात ध्वनीची गुणवत्ता थोडी घटू शकते. म्हणून दुरुस्ती मूळ मुद्रणाच्या प्रतीवर, शक्यतो एकदाच करतात आणि मूळ मुद्रण जपून ठेवतात.